करपलेल्या पावाचा गाळणा

बेकरीच्या भट्टीपुढे अर्धी हयात घालवलेल्या माणसाला उतारवयात पाव करपवायचा पगार मिळावा, यापरती थट्टा कुठली? "जन्मभर करपू नये म्हणून जीव टाकला, आणि आता हे!" असं तो स्वतःच सांगत फिरायचा. म्हणून कामावर त्याचं नाव पडलं करपेमामा. घरी भाजी खाली लागली की बायको म्हणायची, "ही पण घेऊन जा हो कामावर, वाया नको."

कारखाना कसला, गोदामामागच्या दोन खोल्या. दुकानांत न खपलेला शिळा पाव तिथं यायचा. तो वाळवून नळीच्या भट्टीत सारायचा, आतली हवा हुसकून लावायची आणि तापवायचा. हवा राहिली तर राख, नाही राहिली तर कोळसा. मग तो कोळसा कडक क्षारात मुरवून पुन्हा भाजायचा. क्षार त्याला आतून असा पोखरायचा, की कुठल्या साध्या भिंगालाही दिसू नयेत इतकी बारीक भोकं पडायची. हा सगळा खटाटोप ज्यांनी उभा केला, त्या बाई त्याला नॅनोकार्बन म्हणत. त्याचे दाणे गाळण्यात भरले की नळाच्या पाण्यातली घाण त्या भोकांत जाऊन बसायची आणि पाणी नितळ उतरायचं.

खरा वैताग धुण्याचा. धुवत राहायचं आणि पाण्यात कागदाची पट्टी बुडवून बघायची. निळी झाली तर क्षार अजून आत आहे, हिरवट राहिली तर ठीक. पण तेवढ्यावर बाईंचं समाधान नसे. रात्रभर भिजत ठेवायचं आणि सकाळी पुन्हा पट्टी.

"मामा, भोकं घुमी असतात," त्या म्हणायच्या. "पोटातलं लगेच बोलत नाहीत."

एका संध्याकाळी पट्टी हिरवट राहिली आणि ताईचा, मामाच्या थोरल्या बहिणीचा, फोन आला. भाची बाळंत झाली होती, सकाळी बाळ घरी येणार होतं. आईला दूध पुरत नव्हतं, भुकटीचं द्यावं लागणार, आणि नळाला तर पिवळं, वासाचं पाणी. "तुझ्या त्या गाळण्याचं गाणं वर्षभर ऐकतेय. आता दाखव तरी!"

मामाला चेव आला. अर्धे दाणे बरणीत भिजत टाकले, अर्धे गाळण्यात भरले आणि लगोलग ताईच्या ओट्यावर बसवून आला.

सकाळी कामावर गेल्या गेल्या त्यानं बरणीत पट्टी बुडवली. निळी झाली. दुसरी बुडवली. तीही निळी. पाण्याचा थेंब बोटांत चोळला तर साबणासारखा बुळबुळीत. ताई पाणी उकळूनच देणार, पण उकळून जंतू मरतात, क्षार कुठे मरतो? तो बाळाचं कोवळं तोंड पोळून काढणार.

ताई फोन उचलेना. मामानं पट्ट्यांची डबी खिशात कोंबली आणि कुणाला न सांगता निघाला. रिक्षात बसून फोन लावत राहिला. वाजून वाजून बंद.

दार भाचीनं उघडलं. "मामा, एवढे घामाघूम?"

"बाळाला दूध दिलं?"

"आत्ताच. पण दोन घोट घेतले आणि थुंकलं. नखरे आतापासूनच!"

मामानं बाटलीत पट्टी बुडवली. निळी.

ताई आतून आली. मामानं सगळं सांगितलं, रात्रभर न भिजवल्याचंसुद्धा. ताईनं बाटली त्याच्या हातातून काढून घेतली. "म्हणजे तुला नियम ठाऊक होता."

"होता."

"आणि तरी माझ्या ओट्यावर आणून ठेवलास." तिचा आवाज चढला नाही, तेच मामाला जास्त लागलं. "चल, आधी डॉक्टर."

डॉक्टरांनी बॅटरी लावून बाळाचं तोंड बघितलं. "लाली नाही. दोनच घोट गेलेत, तेही थुंकलंय. भूक लागेल तेव्हा बघा. आत पोळलं असेल तर ओढणार नाही, लगेच घेऊन या."

घरी येऊन सगळे भुकेची वाट बघत बसले. गाळणा मामानं काढून दाराबाहेर ठेवला होता, ताईनं विकतच्या पाण्यानं नवी बाटली तयार केली होती. आणि बाळ झोपलेलं. हलेना, कुशीवर होईना. मामा तिसऱ्यांदा वाकून श्वास बघायला गेला, तशी भाची म्हणाली, "मामा, जिवंत आहे हो. तुम्हीच श्वास घ्या आता."

कुणी हसलं नाही.

बाळ उठलं ते टाहो फोडतच. भाचीनं बाटली तोंडाशी नेली. त्यानं मान फिरवली. पुन्हा नेली, पुन्हा फिरवली. मामानं चप्पल पायात सरकवली. रिक्षा कुठल्या नाक्यावर मिळेल, याचा हिशेब डोक्यात सुरूही झाला. तेवढ्यात रडं थांबलं. चुटूक, चुटूक. बाळ ओढत होतं, मुठी वळून, घाम फुटेपर्यंत.

मामा दारातच खाली बसला.

ताईनं बाटली रिकामी होईस्तोवर नजर हलवली नाही. मग त्याच्यापुढे येऊन उभी राहिली. "तुझ्या बाईंना माहितीये तू अर्धा माल उचललास ते?"

मामानं मान हलवली. नाही.

"लाव फोन."

"उद्या सकाळी गेल्यावर सांगतो ना, ताई."

"आत्ता लाव. मी इथंच उभी आहे."

मामानं नंबर लावला. पलीकडून बाईंचा आवाज आला, "मामा, कुठं आहात? बरणीत अर्धेच दाणे कसे?"

"बाई," मामा म्हणाला, आणि ताईकडे न बघता बोलायला लागला.