खरवडलेली भिंत

चुना कालवण्यात आमच्या लाइनीत माझा हात धरणारं कोणी नव्हतं. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. सांगताना थोडी लाजच वाटते, का ते पुढे कळेल.

लाइन म्हणजे बारा खोल्यांची लांबलचक कौलारू रांग. नागपूर शहर संपतं तिथून पुढे, लष्कराच्या हद्दीत, जवानांच्या कुटुंबांसाठी अशा लाइनी होत्या. लग्न झाल्यावर मी तिथे आले, तेव्हा एक लढाई संपून दोन-तीन वर्षं झाली होती. आमचे हे हवालदार होते. माहेरी मी सगळ्यांना ऐटीत सांगितलं होतं की सरकारी क्वार्टर मिळणार आहे. क्वार्टर म्हणजे एक खोली, पुढे हातभर पडवी आणि पडवीतच चूल. नळ एक, बारा घरांत. संडास चार, तेही लाइनीच्या पार टोकाला, आणि त्यांतल्या दोहोंनाच दारं होती. मे महिन्यात कौलं अशी तापायची की दुपारी आम्ही बाया खाटेखाली ओलं गोणपाट अंथरून पडायचो. विंचू निघाला तर कोणी ओरडायचंसुद्धा नाही, चप्पल घेऊन सरळ उठायचं.

सीमेवर बर्फात उभा राहणारा माणूस घरी येऊन अशा खोलीत राहायचा, आणि वर त्याने हू की चू करायचं नाही. तक्रार करणारा जवान म्हणजे नरम जवान, अशी तिथली समजूत. मला त्याचा तेव्हाही राग यायचा आणि आजही येतो. पण त्या माणसांचा मात्र कधी राग आला नाही. त्या गळक्या खोल्यांतून सकाळी सहाला जे पुरुष बाहेर पडायचे, त्यांच्या पँटीची इस्त्री पाहिली असती तर बंगल्यातून निघालेत असं वाटलं असतं.

वर्षातून एकदा मोठ्या साहेबांची पाहणी असायची. त्याच्या आठ दिवस आधी लाइनीत लगीनघाई. रस्त्याकडेच्या विटा तिरप्या रोवून एक पांढरी, एक गेरूची अशा रंगवायच्या. भिंतीला खाली गुडघ्याएवढा गेरूचा पट्टा, वर पांढराशुभ्र चुना. आणि भेगा? भेगांचं काम माझ्याकडे. रद्दी कागद भिजवून त्याचा लगदा करायचा, त्यात डिंक आणि चुना कालवायचा, भेगेत बोटाने दाबून भरायचा, वरून नीळ घातलेल्या चुन्याचे दोन हात. सुकल्यावर भेग कुठे होती हे मला स्वतःला सापडायचं नाही. बाया कौतुकाने बोलावून न्यायच्या, "ताई, माह्या कोपऱ्याचं तेवढं पाहून द्या जी." मी पदर खोचून निघायचे.

साहेब यायचे, "बहुत अच्छा" म्हणायचे, जायचे. लाइनीला शाबासकी मिळायची आणि पुढच्या पावसात आम्ही पातेली मांडायचो.

आमच्या शेजारच्या खोलीत रामटेककडची एक पोरगी राहायची. धानाच्या शेतात वाढलेली, धीट, बोलायला मोकळी. नवरा पलटणीत नायक, तेव्हा दूर सीमेवर. तिला सातवा महिना होता. तिच्या खोलीतली छपराची मुख्य तुळई वाळवीने खाल्ली होती. भिंतीत जिथे ती बसवली होती तिथून दारापर्यंत भेग गेली होती. कणीक मळताना परातीत भुसा पडायचा. ती हसून म्हणायची, "पीठ वाढून राहिलं ताई, सरकार देऊन राहिलं." पण रात्री ती खाट दारापाशी ओढून झोपायची, हे मला माहीत होतं.

लाइनीचा कारभार आमच्या यांच्याकडे होता. यांनी तीनदा लेखी तक्रार पाठवली. तीनदा उत्तर आलं, की वार्षिक पाहणीत सर्व खोल्या उत्तम स्थितीत आढळल्या आहेत.

तिसरा कागद आला तेव्हा ती आमच्या पडवीत तांदूळ निवडत बसली होती. यांनी वाचून दाखवला. ती म्हणाली, "भाऊजी, आपनच त इतकं चांगलं झाकून ठेवतो. मग साहेबाले दिसन कसं?"

यांनी माझ्याकडे पाहिलं. मी सुपात पाहिलं.

खरंच होतं ते. शिस्तीच्या माणसांनाच अशी चूक जमते. पाहणीला वाईट काही दिसू द्यायचं नाही हे अंगात इतकं मुरलं होतं, की आपलं घर डोक्यावर पडायला आलंय हेही आम्ही रंगवून सादर करत होतो.

त्या वर्षी यांनी सांगून टाकलं. शेजारच्या खोलीला कोणी हात लावायचा नाही. ना चुना, ना गेरू. भिंत आहे तशी साहेबांना दाखवायची.

माझं डोकं सणकलं. कारण त्याच वर्षी यांचं नाव नायब सुभेदारीसाठी वर गेलं होतं, आणि यांनी लाइन कशी ठेवली आहे हे साहेब त्या पाहणीतच बघणार होते. सुभेदार झाले असते तर दोन खोल्यांचं घर मिळणार होतं, त्याला स्वतःचा संडास आणि स्वतःचा नळ. हसू नका. सहा वर्षं पहाटे चारला बादली घेऊन रांगेत उभं राहिलेल्या बाईलाच नळाची किंमत कळते. मी तो नळ स्वप्नात पाहिला होता, पितळेचा.

मी म्हटलं, "काहून जी? पाहनी झाल्यावर सांगा ना. आत्ताच कायले आपल्या पायावर धोंडा पाडून घेता?"

"पाहनी झाल्यावर कोन पाहते?" एवढंच बोलून हे बूट पॉलिश करायला बसले.

पाहणीच्या दिवशी हे सकाळी सहालाच परेडला गेले. साहेब अकराला येणार होते. सातला मी लगद्याचं घमेलं घेऊन शेजारी गेले.

पोरगी म्हणाली, "भाऊजी रागावतीन."

"ते मी पाहीन. तू ट्रंक धरून ठेव, मी वर चढतो."

ती थोडी घुटमळली. मग आपल्या नवऱ्याची काळी ट्रंक तिने स्वतः भिंतीपाशी सरकवली आणि म्हणाली, "भरा ताई. माह्या छपरापायी तुमचं नुकसान नोको." सातव्या महिन्याचं पोट घेऊन ती पोरगी माझ्यासाठी स्वतःचा धोका झाकायला तयार झाली, आणि मी तिला तसं करू दिलं. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

त्या दिवसाइतकं सुरेख काम माझ्या हातून कधी झालं नाही. तुळईच्या कुजक्या टोकाला माती लिंपून गेरू, भेगेत लगदा, वर चुना. फेब्रुवारीचं कोरडं ऊन, दार उघडं टाकलं, दहापर्यंत खडखडीत वाळलं.

साडेदहाला हे लाइन बघायला आले. कडक इस्त्रीची वर्दी, छातीवर पदकांच्या पट्ट्या, पितळी बक्कल लखलखीत. पलटणीत यांच्या वर्दीचं उदाहरण नव्या पोरांना देत. हे शेजारच्या दारात थांबले. आत पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. माझ्या नखांत अजून चुना होता.

मी ओरडा खायला तयार होते. यांनी कोपऱ्यातलं खुरपं उचललं, ट्रंकेवर चढले आणि भिंत खरवडायला लागले. चुन्याचे पोपडे यांच्या टोपीवर, खांद्यावर, त्या पट्ट्यांवर पडत होते. मी म्हटलं, "वर्दी तरी काढा!" वेळ नाही, असं हातानेच सांगितलं. पोरगी तोंडाला पदर लावून रडत होती.

भेग पुन्हा उघडी झाली आणि बाहेर गाडीचा आवाज आला. झटकायला वेळच मिळाला नाही. साहेब दारात आले तेव्हा हे ताठ उभे राहून सलाम करत होते, आणि भुवयांपासून बुटांपर्यंत पांढरे होते.

साहेबांनी आधी वर्दीच पाहिली. "हवालदार, यह क्या हाल है?"

यांनी हिंदीत सांगितलं, "साहेब, भिंत दाखवायची होती. चुन्याखाली दिसत नव्हती."

साहेबांनी हातातली छडी तुळईत खुपसली. ती भाकरीत बोट जावं तशी आत गेली. भुसा यांच्या खांद्यावर सांडला. मग हे म्हणाले, "हुकूम असेल तर बाकीच्या अकरा खोल्याही खरवडून दाखवतो."

पडवीत उभे असलेले सगळे जवान समोर बघत ताठ. माझी मात्र भीती तिथेच संपली. त्या क्षणी मला हा माणूस इतका मोठा वाटला, की लग्नात हार घालताना मी त्याच्याकडे नीट पाहिलंच नव्हतं असं वाटलं.

साहेबांनी बरोबरच्या कारकुनाला दोन गोष्टी लिहून घ्यायला सांगितल्या. एक, पूर्ण लाइनीचं छप्पर ताबडतोब तपासा. दुसरी, हवालदाराची वर्दी पाहणीच्या वेळी अस्वच्छ.

दोन्ही लिहिलं गेलं. दहा दिवसांत शेजारची तुळई बदलली, पुढे एकेक करून सगळ्यांच्या. मार्चमध्ये वादळासह गारपीट झाली, आमच्या आवारातला कडुनिंब उन्मळून पडला, पण शेजारचं छप्पर हललं नाही. त्याच छपराखाली चार दिवसांनी तिला मुलगी झाली. नवरा सुट्टीवर आला तेव्हा लेकीला बघून नवीन तुळईकडे बघत बसला. मग आमच्या दाराशी येऊन, अंगात बनियन असताना, यांना कडक सलाम ठोकून गेला.

नायब सुभेदारीच्या यादीत यांचं नाव आलं नाही. पुढच्या वर्षीही नाही. हे हवालदार म्हणूनच निवृत्त झाले. भिंतीला चुना कोणी मारला होता हे यांनी कोणालाच सांगितलं नाही. लाइनीत सगळे समजत राहिले की तो जुनाच चुना होता.

निवृत्तीनंतर आम्ही नागपूरजवळ वाडीला, हमरस्त्याकडेला दोन खोल्या बांधल्या. जाणाऱ्या-येणाऱ्या ट्रकांच्या हादऱ्याने एकदा स्वयंपाकघराच्या भिंतीला भेग गेली, तेव्हा मी लगदा भिजवायला घेतला आणि हात थांबला. हे चहा पीत बसले होते. इतकी वर्षं मनात ठेवलेलं मी बोलून टाकलं.

"त्या दिवशी मी चुना मारला नसता तर तुम्ही कोऱ्या वर्दीत उभे राहिले असते. भिंत बी दिसली असती अन् तुम्ही सुभेदार बी झाले असते."

मला वाटलं हे म्हणतील, तसं काही नाही. पण यांना खोटं बोलता येत नव्हतं.

"झालो असतो," हे म्हणाले. कप खाली ठेवला. "त्याचं मले काही नाही वं. पन तुहा नळ गेला. ते मले लय लागलं."

नळाचं मी यांच्याजवळ एकदाही बोलले नव्हते. मी उठले आणि मोरीत भांडी घासायला बसले. घासलेलीच होती ती. नळ मोठा सोडला, रडलेलं बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून.