न कापलेली लाल वायर

दवनीवाड्यातल्या निम्म्या घरांत उजेड आणला तो बिसरामने, आणि गाव हे विसरलं की तो स्वतःच आठवण करून द्यायचा. पण उमेंद्र गोंदियाहून वायरमनचं काम शिकून आला आणि ज्याच्या त्याच्या तोंडी त्याचंच नाव झालं. कुणाच्या दारात उमेंद्रची मोटारसायकल दिसली की बिसरामच्या पोटात दुखायचं. "कालचं पोरगं, त्याले काय येते?" तो बायकोला, पुष्पाबाईला म्हणायचा.

एका दुपारी मुर्री गावातलं काम आटोपून तो परतला, तर तीच मोटारसायकल त्याच्याच दारात. स्वयंपाकघरात उमेंद्र स्टुलावर चढलेला, आणि खाली पुष्पाबाई पाहुण्यांचा कप घेऊन उभी. एवढ्या संसारात बिसरामला त्या कपात कधी चहा मिळाला नव्हता.

"याले कायले बलावलं?"

"बटन बंद केलं तरी बलब मिणमिण करून राहिला. तुमी म्हनता कंपनी खराब. किती कंपन्या बदलू?"

उमेंद्रने बटन बंद केलं, बल्ब काढला आणि होल्डरमध्ये टेस्टर टेकवला. टेस्टर पेटला. "काका, बटन परतीच्या वायरवर हाये," तो हळूच म्हणाला. "करंट थेट होल्डरात येते. बलब विझते, पन होल्डर जिताच राहते."

बिसरामचे कान तापले. हे त्याने निष्काळजीपणाने केलं नव्हतं. त्याचा उस्ताद उदाराम सांगायचा, लाल रंग कुंकवाचा, नव्या घरात लाल वायर कापायची नाही. म्हणून करंटची लाल वायर तो अखंड होल्डरपर्यंत न्यायचा आणि बटनासाठी परतीची काळी तोडायचा. घरच्या बायका त्यावर खूश असायच्या. दिवे लागत होते, विझत होते, आणखी काय हवं?

"बलब पुसताना मले झटका बसे," पुष्पाबाई म्हणाली. "बटन बंद असलं तरी."

"मंग मले काऊन नाही सांगतलं?"

"तुमाले वाईट वाटलं असतं."

झटका बायकोला बसला याचं त्याला वाईट वाटलंच. पण तिने ते उमेंद्र आल्यावरच सांगितलं, हे जास्त झोंबलं, आणि तसं झोंबलं याची लाजही वाटली.

"उद्यापासून दोघं मिळून बाकीची घरं पाहू, काका," उमेंद्र म्हणाला.

म्हणजे घरोघरी हे पोरगं टेस्टर पेटवून दाखवणार आणि आपण खाली स्टूल धरून उभे राहणार. पाणीही न पिता बिसरामने पक्कड उचलली आणि म्हाताऱ्या शकुंतलाबाईंचं घर गाठलं. गावात त्याने पहिली वायरिंग केली होती ती तिथे.

"बटन तं चांगलं हाये. कायले खोलून राहिलास?" म्हातारीने विचारलं.

"मीच उलटं जोडलं होतं. बटन बंद असलं तरी झटका बसते."

त्याने मेन बंद केला. लाल वायरीवर पक्कड ठेवली, तेव्हा हात जरा अडला. मग त्याने ती कापली, तिची टोकं बटनात घेतली आणि काळी सरळ होल्डरला जोडली. मेन चालू करून, बटन बंद ठेवून टेस्टर लावला. तो पेटला नाही.

ते पाहून शकुंतलाबाईंचा जीव भांड्यात पडला. "थेट उमेंद्रावानी काम केलास रे," त्या कौतुकाने म्हणाल्या.

बिसरामच्या अंगाचा तिळपापड झाला. पक्कड पिशवीत कोंबून तो बाहेर पडला, आणि उमेंद्र पोहोचायच्या आत त्याने शेजारच्या घराची कडी वाजवली.