एक वाक्य पुढे

नाटक कंपनीत सगळे त्यांना कुजबुजकाका म्हणत. रंगमंचाच्या कडेला, पडद्याआड स्टुलावर बसायचं आणि नट अडला की पुढचं वाक्य हळूच सोडायचं, हेच त्यांचं जन्मभराचं काम. म्हणजे बसायला सगळ्यांच्या मागे आणि बोलायला सगळ्यांच्या पुढे! नियम एकच: संहितेत असेल तेच पुरवायचं, आपल्याला आवडेल ते नाही.

कंपनी बंद पडली, पण जिभेला कोण सांगणार? समोरचा जरा थांबला की काका त्याचं वाक्य पुरं करून मोकळे. शेजारच्या जोडप्याच्या भांडणात नवरा अडखळला, तर यांनी खिडकीतून त्याला टोमणा पुरवला. भांडण तिथंच मिटलं हो. दोघं मिळून काकांवरच उलटली! हळूहळू लोक त्यांना पाहून रस्ता बदलू लागले. बायको गेल्यावर तर घरात अडखळायलाही कुणी उरलं नाही.

राहता राहिली लेक. जावयाची बदली झाल्याची कुणकुण काकांना आधीच लागली होती. आपल्यालाही नेतील, या आशेवर म्हाताऱ्यानं गुपचूप बॅग भरून पलंगाखाली सरकवलीसुद्धा.

एका दुपारी लेक आली. चहाचा कप नुसता हातात फिरवत बसली.

"बाबा, यांची बदली..."

"झाली. लांब झाली. महिनाअखेर निघायचंय."

"झालं तुमचं सुरू! मला बोलू द्याल का जरा?"

"बोल बाई, बोल. हे बघ, मिटलं तोंड."

"घर मिळालंय, पण दोनच खोल्या. त्यात मुलं, सासूबाई... म्हणून मी यांना म्हटलं, बाबांना..."

आणि अडली. कपात बघत राहिली.

काकांच्या ओठांवर दोन वाक्यं आली. पहिलं होतं 'घेऊनच जाऊ'. ते पुरवलं असतं तर पोरगी नाही म्हणाली नसती. अडलेला नट हाती येईल ते वाक्य उचलतो. पण तिच्या चेहऱ्यावरची संहिता काकांना स्वच्छ वाचता येत होती.

"...इथंच बरं वाटेल," ते कुजबुजले.

"हो ना! अगदी हेच म्हटलं मी. बाबांना इथंच बरं वाटेल." लेकीचा जीव भांड्यात पडला. चहा तिनं एका घोटात संपवला.

ती गेल्यावर काकांनी बॅग बाहेर ओढली आणि एकेक सदरा पुन्हा कपाटात लावायला घेतला. शेजारी भांडण पेटलं होतं. नवरा मध्येच अडखळला.

काका गप्प राहिले.