पाचव्या भोकातला आवाज

भिंगरीचं बूड एका जागी टेकलेलं कुणी पाहिलेलं नाही. ती चार वर्षांची असताना बापाने हे नाव ठेवलं आणि आज बावन्नाव्या वर्षीही ते तिला अगदी मापात बसतं. तिने टपालाची पत्रं लावली, शाळेत घंटा दिली, छापखान्यात मुद्रितं तपासली. सगळीकडून सुटली ती एकाच कारणाने : बसवत नाही. शेवटी नोकरी मिळाली ती अशा जागी, जिथे उठबस हेच काम. बोलक्या पुस्तकांचं वाचनालय.

दोन खोल्या, खाली चष्म्याचं दुकान. वाचनालयाचे सभासद सगळे आंधळे. हौशी मंडळी पुस्तकं मोठ्याने वाचून ध्वनिमुद्रित करतात. भिंगरी ती पेन ड्राइव्हवर भरते, जाड पाकिटात घालून घरोघरी धाडते. ऐकून झालं की ड्राइव्ह परत येतात. ती ते पुसून कोरे करते, नवं पुस्तक भरते, पुन्हा धाडते. भरताना कुंड्यांना पाणी, पुसताना चहा, मध्येच फोन, मध्येच जिना झाडणं. हात कधी रिकामा नाही, लक्ष कधी एका ठिकाणी नाही.

कॉम्प्युटर लावून दिला तिच्या वहिनीने. वहिनी दुरुस्तीच्या दुकानात कारागीर, बोलायला फटकळ. त्या कॉम्प्युटरला जोडलेलं एक लांबट खोकं, त्याला ओळीने दहा भोकं. कॉम्प्युटरच्या पोटातल्या डिस्कचं नाव ए. बाहेरून जो ड्राइव्ह येईल त्याला कॉम्प्युटर बी म्हणणार, पुढच्याला सी, मग डी. भिंगरीने काय केलं, तर चिकटपट्टीचे तुकडे घेतले, त्यांवर बी, सी, डी, ई, एफ लिहिलं आणि भोकांखाली डकवले. डावीकडून सुरुवात करायची, उजवीकडे जायचं. पुसायचं ते पट्टी बघून. सहा वर्षं एकदाही चूक नाही.

त्या दिवशी सकाळी पहिल्या चार भोकांत चार जुने ड्राइव्ह होते. चारही पुसायचे. तेवढ्यात जिन्यावर काठी वाजली.

"भिंगरे, आहेस का उडालीस?" ऑपरेटरकाका. टेलिफोन एक्स्चेंजात तीस वर्षं नोकरी केलेले, जन्मापासून आंधळे. "काय गंमत आहे बघ. खालचा चष्मेवाला मला रोज विचारतो, या काका, नवा नंबर काढायचा का?"

"या, बसा काका. चहा टाकते."

"चहा नंतर. आधी हे." त्यांनी खिशातून ड्राइव्ह काढला. त्याला तिपेडी दोरा, दोऱ्याला दोन गाठी. "हिचा आवाज आहे यात. ही एकच प्रत, जीव टांगणीला असतो माझा. आणखी एक काढून दे."

ही म्हणजे काकू. दोन वर्षांपूर्वी गेल्या. जायच्या आधी, दुखणं कळल्यावर, त्यांनी घरभर फिरून सगळं बोलून ठेवलं होतं. कुठल्या खणात काय, कुठल्या खुंटीला कुठली पिशवी, विजेवाल्याला काय सांगायचं. तीनशेच्या वर तुकडे, प्रत्येकाला नाव दिलेलं; काकांचं वाजवायचं यंत्र ते नाव बोलून दाखवायचं. काका रोज सकाळी 'चहा' नावाचा तुकडा लावायचे आणि त्याबरहुकूम चहा करायचे.

"चहा तर मला झोपेतही येतो," ते म्हणाले, "पण ऐकल्याशिवाय करवत नाही."

भिंगरीने ड्राइव्ह घेतला, एका हाताने किटली ठेवली, दुसऱ्या हाताने पाचव्या भोकात खुपसला. खोकं हललं. दुसरं भोक आधीपासूनच सैल, त्यातला ड्राइव्ह निसटता झाला, दिवा विझला. तिचं लक्ष गेलं तसं तिने अंगठ्याने तो पुन्हा आत दाबला. दिवा लागला. पडद्यावर नावं पाच : बी, सी, डी, ई, एफ. खोक्यात ड्राइव्ह पाच. हिशेब चोख. बी ते ई एकामागून एक पुसायला लावले आणि ती चहाला पळाली.

चहा झाला, फोन झाला, दोन पाकिटांवर पत्ते झाले. मग कानाला हेडफोन लावून तिने एफ उघडला. काकूंचा आवाज येईल म्हणून थांबली. आला तो एका निवृत्त मास्तरांचा घोगरा आवाज : "प्रकरण सातवे. खुनी कोण?"

खोक्याकडे पाहिलं. लुकलुकत होता एकच दिवा, पाचव्या भोकातला. दोन गाठींचा दोरा खाली लोंबत होता. पडद्यावर : सी, शंभरातले नऊ भाग पुसले. चालू ड्राइव्ह कधी ओढू नका, हे वहिनीने शंभरदा बजावलं होतं. भिंगरीने दोरा धरून ओढला.

आणि आयुष्यात पहिल्यांदा ती खुर्चीत बसली.

"काय गं, एवढी शांतता?" काका बाहेरच्या खोलीतून म्हणाले. "बरं नाही का?"

तिने जाऊन सांगितलं. जसं झालं तसं. काका ड्राइव्हच्या दोऱ्याच्या गाठी बोटांनी चाचपत राहिले.

"किती गेलं?"

"ठाऊक नाही, काका."

"मी चुकीच्या घरी तार जोडली की म्हणायचो, माफ करा, राँग नंबर. तू काय म्हणणार?"

भिंगरीने वहिनीला फोन लावला.

वहिनी तासाभरात आली. कॉम्प्युटर स्वतःची रोजनिशी लिहितो, ती तिने उघडली.

"हे बघा वन्सं. सकाळी सी गेला. सी रिकामा झाला. लगेच काकांचा आला, त्याला रिकामा सी मिळाला. मग तुम्ही निसटलेला परत दाबलात, तो झाला एफ. दाताच्या डॉक्टरकडे नंबर देतात तसं आहे हे. उठून बाहेर गेलात की नंबर दुसऱ्याला. तुम्ही खुर्चीलाच नंबर चिकटवून बसलात!"

"मग ओळखायचा कसा?"

"प्रत्येकाच्या आत कारखान्यातला आकडा असतो, तो बदलत नाही. तो विचारायचा. पण विचारायला दोन मिनिटं थांबावं लागतं. तुम्हाला कुठली सवड!"

भिंगरीने ऐकून घेतलं. एरवी तिने वहिनीला दोन ऐकवल्या असत्या.

ड्राइव्ह वहिनीकडे तीन दिवस होता. त्या तीन दिवसांत भिंगरीने वाचनालयाच्या खिडक्या दोनदा पुसल्या, कपाटं काढली, परत लावली. चौथ्या दिवशी वहिनी आली. "अगदी सुरुवातीचं गेलं. नावांची यादी तिथेच असते, म्हणजे नावं सगळी गेली. आवाज बहुतेक आहेत, पण नुसत्या आकड्यांनी. एक ते दोनशे त्र्याण्णव. क्रमही काकूंचा नाही."

म्हणजे ऐकून ऐकून पुन्हा नावं द्यायची. ते काकांशिवाय कुणाला जमणार? आणि टंकायला डोळस माणूस हवा.

काका रोज दहाला यायचे. भिंगरी शेजारी बसायची. बसायची म्हणजे गुडघा हलायचा, पेन टकटक करायचं.

"पाय आवर. टेबल थरथरतंय, हिचा आवाज कापरा येतोय."

ती पाय आवरायची. काकू बोलायच्या, काका सांगायचे : "औषधं, वरचा खण." भिंगरी लिहायची. एकदा तर काकू रेकॉर्डर बंद करायला विसरलेल्या. "पुन्हा चपला आडव्या सोडून गेला हा माणूस. मी मेल्यावर स्वतःच अडखळून पडेल, मग कळेल." काका खुर्चीतून पडतील इतके हसले. भिंगरीने नाव टंकलं : चपला.

पण 'चहा' येत नव्हता. काकूंनी सगळ्यात आधी बोलून ठेवलेला तुकडा तो, आणि पुसलं गेलं होतं ते सुरुवातीचंच. दोघांनाही हे माहीत होतं. भिंगरीला एका दमात सगळं संपवून टाकावंसं वाटे. काका मात्र अठरा झाले की उठायचे. "आज पुरे."

सोळाव्या दिवशी पाच उरले. काका उठले नाहीत. छत्री, गॅसची नळी, कुलूपवाला, शेजारीण. दोनशे त्र्याण्णव.

भिंगरीने बटण दाबलं. खरखर. मग शब्द मध्येच तुटून सुरू झाला :

"...वर आलं की गॅस बारीक करा. आणि अहो, दूध ठेवलंत की तिथेच उभं राहायचं. इकडेतिकडे फिरायचं नाही. उतू जातं ते तेवढ्यातच."

संपलं.

काका म्हणाले, "पहिलं अर्धं गेलं. पाण्याचं, पत्तीचं, साखरेचं."

"माझ्यामुळे, काका."

"तुझ्यामुळेच. आता पुन्हा लाव."

तिने बटणावर बोट ठेवलं. या खेपेला काकांनी आधी स्वतःच सुरुवात केली, जड आवाजात, काकूंच्याच शब्दांत : "दीड कप पाणी घ्या, खिडकीजवळचं पातेलं..." जिथे ते थांबले तिथे भिंगरीने बटण दाबलं आणि काकूंनी पुढचं सांगितलं.

"जोडता येईल हे?" काकांनी विचारलं.

"येईल."

"मग जोड. घाई करू नकोस."

भिंगरीने आधी खोक्यावरच्या चिकटपट्ट्या नखाने खरवडून काढल्या. नवा ड्राइव्ह लावला, आतला आकडा विचारला, मोठ्याने वाचला, पुन्हा वाचला. मग माइक काकांपुढे सरकवला आणि स्वतः हलली नाही.