समुद्राकाठी काढलेली थंडी

माझं शुद्धलेखन बरं नाही आणि अक्षर तर त्याहून वाईट, त्याबद्दल आधीच माफी मागते. शाळा चौथीपर्यंत झाली. ऱ्हस्व-दीर्घातलं हाताला जे सोपं जातं ते मी काढते. ही वही कोणी वाचणार नाही (वाचली तर मी तोंड कुठे लपवू?), पण चुकून कोणाच्या हाती लागलीच, तर हसायचं ते खालच्या हकिकतीला हसावं, वेलांटीला नको.

आमच्या खानदानात तंबूत राहिलेलं कोणी नाही. आम्ही दोघं राहिलो, तेही डॉक्टरांनी सांगितलं म्हणून.

आमचे हे दमेकरी. नाशिकहून ओझरकडे जाताना आत वळलं की आमचं गाव. थोडा झेंडू, थोडी शेवंती, बाकी मेथी-कोथिंबीर. डिसेंबर लागला की पहाटे पाटाच्या पाण्यातून वाफ निघते आणि ह्यांच्या छातीत पेटी वाजायला लागते. त्या वर्षी दिवाळीनंतर दोनदा दवाखान्यात ठेवावं लागलं. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "ताई, ही थंडी यांना इथं काढू देऊ नका. गरम हवेत न्या. तिसऱ्यांदा असं झालं तर मी काही सांगू शकत नाही."

गरम हवा म्हटल्यावर मला चुलीशिवाय काही आठवेना. पण नणंदेचा मुलगा प्रवीण डहाणूच्या बाजूला समुद्राकाठी, सुरूच्या झाडांत तंबू लावून पाहुणे उतरवतो. तो स्वतःच घरी आला.

"मामी, तुम्ही दोघं होळीपर्यंत या. पाहुण्यांचा स्वयंपाक तू बघ. तंबू फुकट."

"तंबूत?" हे म्हणाले. "आम्ही काय सर्कशीतले हाय का?"

"मामा, लोक पैसे देऊन राहतात."

"त्यांना घरात कोणी घेत नसंल."

माझ्या सासूबाई म्हणायच्या, भाच्याला द्यावं, भाच्याचं खाऊ नये. पण छातीतली पेटी सासूबाईंचं ऐकत नव्हती. शेत दिराच्या हवाली केलं आणि निघालो.

पोचलो त्या संध्याकाळी समुद्र अगदी समोर होता. सकाळी उठून बघते तर नाही. जिथवर नजर जाईल तिथवर ओला काळा चिखल, आणि आवाज म्हणून कसला नाही. मी ह्यांना हलवून उठवलं. त्यांनी बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "रोटेशन संपलं वाटतं. वरून बंद केलं आसंल."

कालव्याच्या पाण्यावर जन्म काढलेली माणसं आम्ही. भरती-ओहोटी शाळेत पाचवीत शिकवत असतील.

दुसरी भीती माझी मला. ह्यांची छाती वाजायची थांबली. लग्नापासून त्या आवाजावर झोपलेली मी, त्या रात्री दचकून उठले आणि त्यांच्या नाकाशी हात धरला. श्वास चालू होता, लहान मुलासारखा. सुरूची झाडं मात्र रात्रभर घरघरत होती, जणू ह्यांचा दमा त्यांनी घेतला. मला ते काही बरं वाटलं नाही. फुकट कोण कोणाचा दमा घेतो?

आठवडाभर सगळं ठीक होतं. मग एका सकाळी धुकं पडलं. तिकडचं धुकं आमच्यासारखं गार नसतं. कोमट असतं, कोणी मानेजवळ श्वास सोडावा तसं. मी चहाचं पातेलं चढवत होते. ठाण्याच्या एका कुटुंबातल्या बाई तंबूतून बाहेर आल्या आणि तिथेच थांबल्या. त्यांच्या तंबूपुढे वाळूचे लांबट उंचवटे होते. एकाशेजारी एक, माणूस झोपला तर मावेल एवढे, वरून थापून गुळगुळीत केलेले.

"हे काल नव्हतं," त्या म्हणाल्या.

त्यांच्या नवऱ्याने उंचवटे मोजले. पाच. मग त्याने आपली माणसं मोजली. तीही पाच होती.

प्रवीण धावत आला. "कुत्र्यांनी उकरलं असेल, सर."

"कुत्रं थापटून ठेवतं का?" नवऱ्याने विचारलं.

आमचे हे कमरेवर हात ठेवून उंचवट्यांकडे बघत होते. "सरळ हाय पण. दोरी न लावता एवढं सरळ यायचं म्हंजे हात बसलेला पायजे."

"मामा, कौतुक नको ना करूस."

स्वयंपाकाच्या शेडला फावडं टेकवून ठेवलेलं होतं. स्वच्छ धुतलेलं. त्याच्या पात्यावरून अजून पाणी निथळत होतं.

जमनाबाई रोज मासळी घेऊन यायची. तिने ते पाहिलं, टोपली खाली ठेवली, पण पुढे पाऊल टाकलं नाही. "बाय, हा माणसाचा काम नाय," ती मला हळूच म्हणाली. "लय वर्षांआधी इथं होडी उलटली. काही जण मिलालेच नाय. त्यांना जागा नाय मिलाली, म्हणून आपली आपण करतात."

ठाण्याचं कुटुंब नाश्त्यालाही थांबलं नाही. प्रवीणने त्यांचे पैसे परत केले.

मधे दोन दिवस काही नाही. मग पुन्हा, दुसऱ्या दोन तंबूंपुढे. या खेपेला त्यातल्या एका पाहुण्याने रात्री आवाजही ऐकला होता. फावडं वाळूत शिरल्याचा, आणि एका बाईचा. बाई लांबून कोणाला तरी विचारत होती, "आलं का पाणी? आलं का?"

हे ऐकलं आणि माझी पोळी तव्यावरच जळली. समुद्राच्या काठावर उभी राहून पाणी आलं का विचारणारी बाई कोण असेल? जमनाबाई म्हणाली, "भरतीची वाट बघते ती. भरतीत गेली ना."

आता माझ्या मनातलं लिहिते, तेव्हा कोणाला सांगितलं नव्हतं. अशा सकाळी मला उठवत नसे. कंबर मोडलेली, साडीचा काठ ओला, नखांत वाळू, तळहाताला फोड. एकदा ह्यांना विचारलं.

"स्वयंपाक जास्त पडतोय तुला," हे म्हणाले.

"पोळ्या लाटून नखात वाळू जाते का?"

त्यांनी विचार केला. "पिठातच आसंल."

माझी खात्री झाली की ती बाई आमच्या तंबूत येते आणि माझ्या अंगावर बसून माझ्याकडून काम करून घेते. (एका अर्थी माझं बरोबरच होतं.) पण बोलायची सोय नव्हती. प्रवीणला कळलं तर तो आम्हाला घरी पाठवणार. घरून दिराचा फोन आला होता, द्राक्षांच्या बागांत रात्रभर शेकोट्या पेटवतायत, एवढी थंडी पडलीय. आणि इकडे हे सकाळी चिखलातून फिरून येत होते, न थांबता, न खोकता. मी ठरवलं, भूत तर भूत, मी ते अंगावर घेईन, पण ह्यांना थंडीत नेणार नाही.

शेवटी मला जे येतं ते मी केलं. भाताची मूद, त्यावर हळद-कुंकू, एक कापलेलं लिंबू. ह्यांच्यावरून ओवाळून टाकलं आणि पायवाट फुटते तिथे सुरूखाली ठेवून मागे न बघता आले.

पुण्याच्या एक मॅडम एकट्याच येऊन राहिल्या होत्या. निवृत्त मास्तरीणबाई. उंचवटे बघून त्या एकट्याच हसल्या होत्या. सकाळी फिरायला गेल्या आणि त्यांचा पाय नेमका भातात पडला. लाल भात बुटाला लागलेला घेऊन त्या परत आल्या. हसत नव्हत्या.

"हे कोणी केलं?" त्यांनी विचारलं.

मी कांदा चिरत होते. अजून बारीक चिरायला लागले.

उंचवट्यांना जे घाबरले नव्हते ते लिंबाला घाबरले. दुपारपर्यंत अजून एक कुटुंब गेलं, त्यांच्या मागोमाग त्यांच्या ओळखीचं दुसरं. प्रवीण पैसे परत देऊन माझ्यासमोर येऊन बसला.

"मामी, माझी भिस्त एकतीस तारखेवर आहे. ते बुकिंग पण गेलं, तर मला तंबू गुंडाळावे लागतील. मग तुम्हाला..."

ह्यांनी ऐकलं आणि ते उठून समुद्राकडे गेले. तेव्हा समुद्रही तिथे नव्हता.

त्यानंतरही दोनदा उंचवटे आले, रिकाम्या तंबूंपुढे. रिकाम्या तंबूंपुढे ते जास्त वाईट दिसायचे.

पुढचं मी पाहिलेलं नाही, मला सांगितलेलं आहे.

एकतीस तारखेच्या तयारीसाठी वायरमन दिव्यांच्या माळा बांधत होता. टळटळीत दुपार. भांडी झाल्यावर मी जेवणाच्या शेडमध्ये गोणपाटावर आडवी झाले. शेजारच्या टेबलावर पुण्याच्या मॅडम आणि उरलेले पाहुणे पत्ते खेळत होते. प्रवीण म्हणाला, "लाव रे, बघू." वायरमनने बटण दाबलं. माझ्या डोक्यावर सगळ्या माळा एकदम पेटल्या.

म्हणे मी उठून बसले. डोळे सताड उघडे. पदर खोचला, साडी वर बांधली. फावडं घेतलं. पाहुण्यांच्या टेबलाजवळून गेले, मॅडमच्या खुर्चीशी थांबले आणि म्हणाले, "बाजूला व्हा बाई, पाणी येतंय." मॅडम पत्ते हातात धरून उठल्या. मी बॅडमिंटन खेळायच्या जागेवर गेले आणि सरी पाडायला लागले. एक वरंबा झाला, दुसरा झाला. मधूनच मान वर करून लांब समुद्राकडे ओरडले, "आलं का पाणी?"

कोणी हाललं नाही. प्रवीण म्हणतो, उन्हात त्याच्या अंगावर काटा आला होता. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते आणि मला तो दिसत नव्हता.

आमचे हे झाडाखालून उठून आले. त्यांना एका क्षणात कळलं. मला हात लावला नाही, हाक मारली नाही. शेजारी उभे राहून नेहमीच्या आवाजात म्हणाले, "बस झालं गं. लाईट गेली."

मी फावडं खाली ठेवलं. मग उचललं, नळावर नेऊन धुतलं, शेडला टेकवलं आणि गोणपाटावर जाऊन झोपले.

जाग आली तेव्हा सगळी माणसं माझ्याभोवती बसलेली होती. मला वाटलं, मी मेले.

आमच्याकडे शेतीची लाईट रात्रीच येते. कधी बाराला, कधी तीनला. म्हणून आमच्या खाटेवर एक बल्ब लावलेला आहे. तो पेटला की लाईट आली. हे मोटार चालू करायला जातात, मी फावडं घेऊन वाफ्यात पाणी फिरवायला. सरी फुटली असेल तर नीट करते, आणि अंधारातून मोटारीकडे ओरडून ह्यांना विचारते, पाणी आलं का. आणि प्रवीणने आम्हाला दिलेल्या तंबूतल्या बल्बचं बटण नेमकं बिघडलेलं होतं, बंदच व्हायचं नाही. तिकडे वीज कधीमधी रात्रीची जायची आणि आली की बल्ब आपोआप पेटायचा. मी कामाला लागायचे. ज्यांची छाती इतक्या वर्षांनी गप्प झाली होती ते शेजारी गाढ झोपलेले असायचे.

मॅडमनी विचारलं, "किती वर्षं करता हे?"

"लग्न झाल्यापासून," मी म्हणाले, तेही जमिनीकडे बघून.

त्यावर कोणी हसलं नाही. नंतर हसले, भरपूर. एकाने फोनवर माझं सगळं चित्र काढून ठेवलं होतं. ते मनमाडच्या माझ्या बहिणीपर्यंत पोचलं. तिने फोन करून विचारलं, "अक्के, तिकडं समुद्रात काय लावलंस?"

जमनाबाईला मात्र अजून पटलेलं नाही. ती म्हणते, बल्ब कोण पेटवतं ते बघा.

प्रवीणने बल्ब काढला. आम्हाला जा म्हणाला नाही. एकतीस तारखेचे पाहुणे आले आणि त्यांनी आधी विचारलं ते "त्या बाई कुठेत?" (मी तेव्हा तांदळाच्या पिंपामागे.) आम्ही होळीपर्यंत राहिलो. ह्यांना त्या थंडीत एकदाही दवाखाना लागला नाही.

पण तीन कुटुंबांचे परत दिलेले पैसे अठ्ठावीस हजार होते. प्रवीण नको नको म्हणत राहिला. ह्यांनी ऐकलं नाही. "भाच्याचं बुडवून मला श्वास नको," म्हणाले. मग मेथीच्या जुड्यांचे थोडे, गणपतीत शेवंतीचे थोडे, असे देत गेलो. दसऱ्याला झेंडूला भाव बरा लागला. दुसऱ्या दिवशी प्रवीण सोनं द्यायला आला तेव्हा ह्यांनी शेवटचे सहा हजार त्याच्या हातावर ठेवले.

"मोज."

"मामा, मोजायचं काय त्यात?"

"मोज म्हणतो ना."

प्रवीणने मोजले. "फिटलं, मामा. आता कोणाचं काही राहिलं नाही."

तसं राहिलं होतं. चार रात्री आणि एक दुपार मी तिथे सरी पाडली, तिची मजुरी. पण ती मागायची तर मी तेव्हा जागी होते असं म्हणावं लागलं असतं. म्हणून मी गप्प बसले आणि चहा ठेवला. पैसे पूर्ण फिटले.