पाऊणपट तिथी

आमच्या खाडीवर चंद्रानंतर भरती-ओहोटीचा अधिकार एकाच माणसाकडे होता: माझे शेजारी, खाडीपार माणसे नेणाऱ्या तरीवरचे निवृत्त तांडेल, म्हणजे मुख्य नावाडी. तरीच्या फेऱ्या बंद पडून बरीच वर्षे झाली होती, पण त्यांचे घड्याळ पाण्यावरच चाले. बोर्लीची बस त्यांच्या लेखी सकाळी नऊला नव्हे, ‘अर्ध्या ओहोटीला’ येई. दूध उतू गेले की ते सुनेऐवजी तिथीला दोष देत. मुलाने परदेशातून संगणक पाठवला तेव्हा त्याच्या वायरी त्यांनी होडीच्या गाठी मारून खिडकीच्या गजाला बांधल्या. दुरुस्तीवाल्याला त्या कोयत्याने कापाव्या लागल्या. माउसला ते सुकाणू म्हणत आणि काम संपले की संगणकावर जाळ्याचा तुकडा पांघरत.

रोज सकाळी ते दारातल्या पाटीवर ओहोटीची वेळ लिहीत आणि खडकाला चिकटलेले शिंपले, म्हणजे कालवे, काढायला जाणाऱ्या बायका ती वाचून निघत. हिशेब जुनाच होता. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, त्यापुढे सव्वासहा तासांनी ओहोटी. हा हिशेब ते झोपेतही चुकत नसत. अलीकडे त्यांना आठवत नसे ती आजची तिथी. ती संगणकातल्या पंचांगाच्या प्रोग्रामवरून मिळे.

एके दिवशी तो प्रोग्राम उघडेना. ‘यासाठी पालकाची परवानगी घ्या,’ अशी सूचना आली. तांडेल माझ्याकडे वळून म्हणाले, “माझा बाप जाऊन चालीस वर्सं झाली. आता इचारू कोनाला?”

मी प्रोग्राम काढून पुन्हा घातला, संगणकाची तारीख तपासली, परवानगी मागण्याचे बटण चार वेळा दाबले. शेवटी खात्याचे पान उघडले. नको त्या निरोपावर बोट दाबून तांडेलांनी एकदा संगणकात विषाणू घेतला होता. त्यानंतर मुलाने त्यांचे खाते लहान मुलाचे करून ठेवले होते. पालक मुलगा, पाल्य तांडेल, वय वर्षे नऊ. उत्तर येत नव्हते. तिकडे नेट मिळत नसेल, असे मी धरून चाललो. ती माझी चूक होती.

पाटी मात्र रिकामी राहिली नाही. त्या सकाळी पंचमी होती, तांडेलांनी अष्टमी धरली. दहाची ओहोटी पाटीवर सव्वाबाराची झाली. बायका अकराला खडकावर गेल्या आणि पाण्याकडे पाठ करून कालवे फोडत बसल्या. खडक आणि किनारा यांच्यामधला चर भरल्याचे कळले तेव्हा पाणी छातीला होते. बाकीच्या हात धरून आल्या. एकीला होडीने आणावे लागले. कालवांच्या धारेने तिची पोटरी हाडापर्यंत कापली होती. जखम चिघळली. ती अजून लंगडते.

संध्याकाळी मी मुलाला फोन लावला.

“काका, बिघाड नाही. मीच बंद केलंय,” तो म्हणाला. “त्यांना कालचं आज आठवत नाही. लोकांना वेळ सांगतात. उद्या कोणी बुडालं तर?”

“प्रोग्राम बंद आहे,” मी म्हटले. “तांडेल चालूच आहेत.”

 मग मी त्याला खडकावरचे सांगितले.

परवानगी लगेच आली, तरी प्रोग्राम उघडेना. त्याच्याबरोबर आतून सुरू होणारी एक फाइल वेगळी अडवलेली होती. मुलाने तीही सोडली आणि पडद्यावर तिथी आली. तांडेलांनी पाटी पुसली.

आता पाटीवरची वेळ बिनचूक असते. बायका मात्र मोबाइल पाहून, पाटीकडे न बघता, बांधावरून निघून जातात. थांबते ती एकटी लंगडणारी. ती मोबाइल काढते, पाटीशी ताडून बघते आणि हाक मारते, “मिलली वो, तांडेलबाबा.”

“न्हाय कशी मिलनार?” तांडेल म्हणतात. मग त्यांचे लक्ष तिच्या पायाकडे जाते. “पायाला काय झालं गो?”

हा प्रश्न ते तिला रोज विचारतात.

“काय न्हाय, पायरीवरून पडले,” ती सांगते.

“जपून चालावं मानसानं,” ते म्हणतात. ती मान हलवते आणि पाटीवरची वेळ गाठायला खडकाकडे निघते.