केझियाचं गाव कोणतं?

तुम्ही ज्या गावात जन्मलात त्या गावचे तुम्ही, असं तुम्हाला कोणी सांगितलं? कागद आहे? नसेल तर आधी माझ्या शेजारणीचं ऐका.

केझिया प्लमरिज हॅरोथॉर्पमध्येच जन्मली. तिचा बाप्तिस्मा इथला, आई पुरली तीही इथल्याच चर्चच्या आवारात. वय सव्वीस. हॅटवाल्यांसाठी गव्हाच्या काडाच्या वेण्या विणते. काड ओठांत धरून ओलं करायचं, त्यामुळे तोंडाच्या कडेला कायमची चीर पडलीय, पण बोलणं थांबत नाही. मी समोरच्या घरात जोडे शिवतो. "जोसाया काका, तुमच्या टाचा वाकड्या आणि तुमचे अर्ज त्याहून वाकडे," हे रोजचं. गावातल्यांचे अर्ज मी लिहून देतो. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, पण कायद्याचं पुस्तक मी पानन् पान वाचलंय. आमच्या बड्या लोकांकडे ते नुसतं कपाटात असतं.

तिचा नवरा अमोस तीन वर्षांमागे पलटणीत गेला. सध्या स्पेनमध्ये आहे, शेवटचं पत्र ईस्टरला आलं. या नोव्हेंबरात त्यांच्या चार वर्षांच्या लेटीला ताप भरला, केझियाचं विणणं बंद पडलं, आणि तिने जन्मात पहिल्यांदा गावापुढे हात पसरला. थोडा पाव, थोडा कोळसा, पोरगी बरी होईपर्यंत.

गावच्या गरिबांचा कारभार यंदा शेतकरी गॅड्सबीकडे आहे. त्याने पाव दिला आणि तिसऱ्याच दिवशी तिला दोन न्यायाधीशांपुढे उभं केलं. कारण गरिबाला पोसायचं ते त्याच्याच गावाने, दुसऱ्या गावचा निघाला तर तिकडे धाडायचं, आणि लग्न झालं की बाईचं स्वतःचं गाव पुसलं जातं. नवऱ्याचं ते तिचं. मजुराने पुरं एक वर्ष जिथे चाकरी केली, ते त्याचं गाव. अमोसने ती केली होती याच गॅड्सबीकडे, गाडीवान म्हणून! ते वर्ष पुरं धरलं तर केझिया हॅरोथॉर्पची. एक दिवस कमी भरला तर ती स्टर्बीची. स्टर्बी म्हणजे अमोसच्या बापाचं गाव, साठ मैलांवर. तिथे तिने कधी पाऊलही ठेवलेलं नाही.

घोळ शेवटच्या तीन दिवसांचा आहे. आमच्याकडे चाकरीचं वर्ष सप्टेंबरअखेर, मायकेलमसच्या सणाला संपतं, आणि त्याच्या जरा आधी चाकरीचा बाजार भरतो. गाडीवान टोपीत चाबकाची दोरी खोचून उभे राहतात, मालक पारखून घेतात. त्या बाजारासाठी गॅड्सबीने अमोसला तीन दिवस आधी मोकळं केलं. आता ती सुट्टी होती, की चाकरी संपली? सुट्टी असेल तर वर्ष पुरं. एवढ्यावर एका बाईचं घरदार टांगलेलं!

मी तिला बजावलं होतं. "मालकाने सुट्टी दिली, एवढंच सांग. पुढे एक अक्षर नको."

"कळलं हो काका. मी काय लेटी आहे?"

न्यायाधीशाने विचारलं, "गॅड्सबीने तुझ्या नवऱ्याला काढून टाकलं का?"

झालं. बाई ताठ झाली. मुदतीआधी काढलेला गडी म्हणजे आमच्याकडे चोर नाहीतर दारुडा. "माझ्या अमोसला कोण काढणार, साहेब? त्याचा तो निघाला, मान वर करून!"

कारकुनाची लेखणी धावली. 'वर्ष संपण्याआधी स्वखुशीने चाकरी सोडली.' शपथेवर. खाली सहीऐवजी तिची फुली. गॅड्सबी खुशीत छताकडे बघत होता.

बाहेर येऊन मी ओरडलो, "अगं, तोंडात काड धरून बसली असतीस तरी चाललं असतं!"

"मग काय, हाकलला म्हणून सांगू? उद्या तो परत आला आणि त्याच्या कानावर गेलं तर?"

"परत येईल तेव्हा तू साठ मैल लांब असशील. त्याची पत्रं इथे येतात. तिथे तुला शोधणार कोण?"

तेव्हा कुठे तिचा चेहरा उतरला.

तिला स्टर्बीला धाडायचा हुकूम निघालाय, फक्त लेटीचा ताप जाईपर्यंत थांबवलाय. म्हणून गॅड्सबी रोज दारात. "कशी आहे छोकरी? काही खाल्लं का?" केझिया डोळे पुसत म्हणते, "कुठलं, मालक, पाणीसुद्धा जात नाही." आणि आतून आवाज येतो, "आई, अजून पाव दे!"

मी स्टर्बीच्या कारभाऱ्याला लिहिलं. आठवड्यात उत्तर आलं की ही बाई आमची नाही, आम्ही अपील करणार. साऱ्या इंग्लंडात तिच्या बाजूने उभा राहणारा एकच माणूस, आणि त्याला तिचं तोंडही बघायचं नाही! पण त्याला साक्षीदार हवा. केझियाचा शब्द तिच्याच शपथेने खोटा पडलाय.

परवा ती विणता विणता सहज म्हणाली, "त्याची कपड्यांची पेटी तर गॅड्सबीच्या तबेल्याच्या माळ्यावरच होती. बाजारातून येऊन तो तिथेच झोपायचा. मायकेलमसला सकाळी हन्नाने त्याला न्याहारी दिली, मग आम्ही पेटी खाली उतरवली."

माझ्या हातातली आरी गळून पडली. चाकरी सोडणारा गडी आधी पेटी उचलतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पेटी जागेवर म्हणजे चाकरी चालू!

"हे न्यायाधीशाला का नाही सांगितलंस?"

"त्यांनी पेटीचं विचारलंच कुठे?"

ही हन्ना स्केगल गॅड्सबीकडे दूधकामाला होती. पुढे एका नावाड्याशी लग्न करून कालव्याने निघून गेली. त्याचं नाव कुणाला आठवत नाही. गॅड्सबीला विचारून उपयोग नाही, त्याचं डोकं हल्ली लेटीच्या जेवणात गुंतलंय.

म्हणून तुम्हाला सांगतो. तुमच्या गावावरून कालवा जात असेल तर धक्क्यावर जा. नावेनावेवर विचारा, बेडफर्डजवळच्या हॅरोथॉर्पात दूधकामाला असलेली हन्ना कुठे आहे. सापडली तर तिला हा कागद वाचून दाखवा. १८०५ च्या मायकेलमसला सकाळी अमोस प्लमरिजला न्याहारी कोणी वाढली आणि त्याची पेटी कुठे होती, एवढंच विचारा. आणि अपील जानेवारीत बेडफर्डच्या न्यायसत्रापुढे येईल, त्याआधी तिला तिथे पाठवा. लेटी कालपासून अंथरुणावर उड्या मारतेय. आजच जा.